सगळं पडतंय, फक्त आपटत नाहीये

आमच्या सोसायटीच्या टाकीचा बॉल कॉक बिघडला की मोटर चालू असेपर्यंत कोणाला तरी टेरेसवर उभं राहायला लागतं, नाहीतर टाकी भरून पाणी थेट ए विंगच्या भिंतीवरून खाली. जानेवारीत एकदा ही ड्युटी माझ्यावर आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांवर आली. काका बेस्टमधून रिटायर झालेत, तीसेक वर्षं कंडक्टर होते. सातचा सुमार, बोरिवलीचं आभाळ म्हणजे धूळ आणि हायवेच्या दिव्यांचा पिवळट उजेड, आणि त्यातून एक चांगला ठसठशीत ठिपका गोराईच्या बाजूने वर आला, अजिबात न लुकलुकता डोक्यावरून नॅशनल पार्ककडे निघाला आणि डोंगरावर पोचायच्या आधीच, कोणी बटण दाबल्यासारखा, विझला. काका म्हणाले विमान. मी म्हटलं विमानाला लाल-हिरवे दिवे असतात काका, हे स्पेस स्टेशन. पृथ्वीच्या सावलीत शिरलं म्हणून दिसेनासं झालं, आहे तिथेच.

मग काकांनी तो प्रश्न विचारला जो सगळेच विचारतात: "तिकडे ग्रॅव्हिटी नाही म्हणून तरंगतं ना गं ते?"

मलाही कित्येक वर्षं असंच वाटायचं, शाळेतही कोणी धड सांगितलं नव्हतं. पण जरा हिशोब करा, स्टेशन आपल्यापासून फक्त ४०० किलोमीटर वर आहे, म्हणजे मुंबईपासून कोल्हापूर जेवढं लांब साधारण तेवढं, फक्त उभं. तेवढ्याने ग्रॅव्हिटी कुठे पळून जाणार? तिथे ती आपल्या इथल्या जवळजवळ ९० टक्के असते. तरंगत बिरंगत काही नाही, ते स्टेशन पडतंय, सतत, आणि आतली माणसं पण त्याच्याबरोबर पडतायत. लिफ्टचा दोर तुटला तर (देव न करो) लिफ्ट आणि आपण एकाच स्पीडने खाली जाऊ, पायाखाली जमिनीचा दाब लागणारच नाही, म्हणजे तेवढा वेळ आपण पण तरंगल्यासारखेच. शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैमध्ये तिकडे अठरा दिवस होते, ते अठरा दिवस पडतच होते.

मग जमिनीवर येऊन आपटत का नाही? मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर उभं राहून समुद्राकडे आडवा दगड मारा. पहिल्या सेकंदात तो साधारण ५ मीटर खाली येतो. जोरात मारला तर लांब जाऊन पडतो, पण त्या सेकंदात खाली येतो तो ५ मीटरच. आता पृथ्वी गोल आहे, तुम्ही सरळ आडवे ८ किलोमीटर गेलात की तोपर्यंत जमीन तुमच्या खालून ५ मीटर वळून गेलेली असते. म्हणजे दगड एका सेकंदात ८ किलोमीटर जाईल एवढ्या जोरात मारला (आणि हवेने अडवलं नाही) तर तो जेवढा पडेल तेवढीच जमीन पण खाली जाईल, आणि हे असंच चालू राहणार. संपलं, हीच ऑर्बिट. स्पेस स्टेशनचा स्पीड सेकंदाला साधारण पावणेआठ किलोमीटर, म्हणजे एका सेकंदात चर्चगेट ते लोअर परळ, आणि पृथ्वीला एक चक्कर दीड तासात. विरारहून चर्चगेटला येताना मधे एक गाडी रखडली की आपल्याला तेवढाच वेळ लागतो. पुढे जायला त्याला इंजिन लागत नाही. एवढ्या उंचीवर अगदी विरळ हवा असते, ती थोडं थोडं खाली खेचते म्हणून अधूनमधून जरा वर ढकलावं लागतं, बस.

"म्हणजे पडतंय, पण आपटत नाहीये," काका म्हणाले. हो, एवढंच आहे. चंद्र पण तसाच. तो ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे, तिथे पृथ्वीची ओढ इतकी कमी की एका सेकंदात तो आपल्याकडे दीड मिलिमीटरसुद्धा पडत नाही, पण पडतो नक्की, आणि त्याच सेकंदात एक किलोमीटर आडवा सरकतो. पृथ्वी सूर्याकडे पडतेय, आडवी जातेय सेकंदाला ३० किलोमीटरने, म्हणजे चर्चगेटला दार बंद झालं की पापणी लवायच्या आत कांदिवली. आणि सूर्य आपल्या सगळ्यांना घेऊन आकाशगंगेच्या मध्याभोवती पडतोय, एक चक्कर पूर्ण करायला त्याला बावीस-तेवीस कोटी वर्षं लागतात.

आता खरी गंमत इथून पुढे आहे. ग्रॅव्हिटी जर प्रत्येक गोष्टीला दुसऱ्या गोष्टीकडे ओढते, तर सूर्याचा स्वतःचाच माल स्वतःच्या मध्याकडे का नाही पडत? त्याला तर आडवं जाऊन निसटायची पण सोय नाही. तर, पडायचाच त्याचा प्रयत्न चाललेला असतो. ताऱ्याचा जन्म काय आणि मरण काय, सगळी त्याच भांडणाची गोष्ट आहे, बाहेरचा माल आत पडायला बघतो आणि आतून काहीतरी त्याला थोपवून धरतं. ते काहीतरी काय आहे आणि किती दिवस पुरतं, त्यावर ताऱ्याचं आयुष्य ठरतं.

सुरुवात ढगापासून. पूर्वेला डोंगराच्या वर मृग आलेलं होतं, मी काकांना तीन ताऱ्यांचा बाण दाखवला. (मृगाचा पाऊस म्हणतो तो याच मृगाचा, पण जूनमध्ये सूर्यच त्या नक्षत्रात असतो म्हणून तेव्हा हे दिसत नाही, आणि दिसायला लागतं तेव्हा पाऊस नसतो.) बाणाच्या जवळ एक पुसट धुरकट डाग आहे, बोरिवलीतून विसरा, पण वांगणीला आकाशदर्शनाला गेले होते तेव्हा साध्या दुर्बिणीतून दिसला होता, काचेवर कोणी हलकी फुंकर मारावी तसा. तो मृगातला तेजोमेघ, साधारण १,३०० प्रकाशवर्षांवर. प्रकाशवर्ष हे अंतर आहे बरं का, वर्ष ऐकून वेळ समजू नका, प्रकाश वर्षभरात जेवढा जातो तेवढं, साडेनऊ लाख कोटी किलोमीटरच्या आसपास. त्या ढगात आज, आत्ता, नवीन तारे तयार होतायत. गॅस आणि धूळ, थंडगार, कुठेतरी जरा दाट झाली की तिची ओढ वाढते, आजूबाजूचा माल त्यात पडतो, ओढ अजून वाढते, अजून पडतो. सकाळी पावणेनऊला दादरच्या जिन्यावर एकदा गर्दीचा गोळा झाला की तो कसा वाढतच जातो तसं.

ढग सुरुवातीला अगदी हळू गरगरत असतो, पण आवळला की जोरात फिरायला लागतो, आणि फिरणारी गोष्ट चपटी होते. रुमाली रोटीवाला पिठाचा गोळा हवेत फिरवतो आणि तो पसरत जातो ना, साधारण तसंच. मधला गोळा तो तारा, आणि भोवतीच्या चकतीत जो माल मधे पडायचा राहिला, ज्याच्याकडे पुरेसा आडवा वेग होता, त्याचे झाले ग्रह. म्हणून आपले सगळे ग्रह जवळजवळ एकाच पातळीत आणि एकाच दिशेने फिरतात. मला हे कळलं तेव्हा बरं वाटलं होतं उगाच, की पृथ्वी म्हणजे सूर्यात पडता पडता हुकलेला माल आहे.

मधला गोळा आवळत जातो तसा तापत जातो. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप गरम होतो तेच, फक्त इथे दाबणारा हात थांबत नाही. मध्यावर साधारण एक कोटी डिग्री झाली की हायड्रोजनच्या अणूंचे गाभे एकमेकांवर आपटून चिकटायला लागतात, चार हायड्रोजनचा एक हेलियम होतो आणि त्यात थोडंसं वजन गायब होतं, ते ऊर्जा होऊन बाहेर येतं. आत शेगडी पेटली. आता आतून उष्णतेचा दाब बाहेर आणि ग्रॅव्हिटी आत, दोघं बरोबरीत. आणि हे आपोआप सांभाळलं जातं, शेगडी जरा मंदावली की तारा आवळतो, आवळला की तापतो, तापला की शेगडी परत वाढते. जास्त वाढली तर फुगतो, गार होतो, कमी होते. सूर्य असा ४६० कोटी वर्षं चाललाय, आणि अजून साधारण ५०० कोटी वर्षांचं इंधन आहे.

सूर्याच्या मध्यावर दीड कोटी डिग्री तापमान आहे, दर सेकंदाला ६० कोटी टन हायड्रोजन लागतो, त्यातला ४० लाख टन माल सरळ ऊर्जा होऊन जातो. ऐकून वाटतं काय भयंकर स्फोट चाललेत. पण त्याच गाभ्यातला एक मीटर बाय एक मीटर बाय एक मीटरचा तुकडा काढला तर तो किती वॉट देतो? तीनशेच्या आत. आपला किचनमधला मिक्सर पाचशेचा असतो. हायड्रोजनचे गाभे एकमेकांना दूर ढकलतात, चिकटण्याचा योग एखाद्याला अब्जावधी वर्षांत एकदा येतो, म्हणून सूर्य जपून जपून जळतो, आणि तो एवढा झगझगीत दिसतो तो केवळ अवाढव्य असल्यामुळे. नाहीतर इथे वाचायला आपण नसतो. आतून निघालेली ऊर्जा धक्के खात खात पृष्ठभागापर्यंत यायला हजारो, काही हिशोबांनी लाखभर वर्षं घेते, आणि तिथून आपल्या टेरेसवर यायला ८ मिनिटं २० सेकंद. दादर ते सीएसएमटी सुसाट, पण दादरला चढायलाच अर्धं आयुष्य गेलं, असा प्रकार.

हेलियमवरून आठवलं, "हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला" हा मेसेज तुम्हालाही आला असेल, मीही अभिमानाने फॉरवर्ड केला होता. सूर्याच्या प्रकाशातली ती अनोळखी पिवळी रेघ पहिल्यांदा नोंदली गेली ती १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात, जान्सेन नावाचा फ्रेंच माणूस आंध्रात गुंटूरला बसला होता. लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने ती इंग्लंडमधूनच पाहिली त्याच वर्षी, आणि हे काहीतरी नवीन मूलद्रव्य आहे असं म्हटलं. विजयदुर्गला लॉकियर आला हे खरं, पण १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणाला, तिथे दुर्बिणीसाठी बांधलेले साहेबाचे ओटे दाखवतात ते तेव्हाचे. तोपर्यंत हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षं झाली होती. शिवाय ऑगस्टमध्ये कोकणात सूर्य बघायला कोण बसेल, सांगा.

तर इंधन संपतं तेव्हा काय? इथे मोठ्या घरची उधळपट्टी आणि गरिबाचा काटकसरीचा संसार असा हिशोब आहे. सूर्याच्या दशांश वजनाचे लाल बटू तारे इतके मंद जळतात की लाखो कोटी वर्षं टिकतील, विश्वाचं वय अजून १,३८० कोटीच, म्हणजे त्यातला एकही अजून म्हातारा झालेला नाही. उलट सूर्याच्या पंधरा-वीस पट वजनाच्या ताऱ्याला ग्रॅव्हिटी जोरात दाबते, शेगडी भडकते, आणि सगळं एक कोटी वर्षांत खलास. मृगात डावीकडे लालसर दिसतो तो काक्षी, पंचांगवाले आर्द्रा म्हणतात, तो असाच. डायनॉसोर होते तेव्हा हा तारा जन्मलाही नव्हता आणि आत्ता मरायला टेकलाय.

सूर्यासारख्याचं म्हातारपण असं, की मध्यावरचा हायड्रोजन संपतो, गाभा आवळतो, आणि आवळल्याने इतका तापतो की बाहेरच्या थरात शेगडी पेटते आणि तारा उलट फुगतो. लाल राक्षसी तारा. रोहिणी आज त्याच अवस्थेत आहे. सूर्य फुगेल तेव्हा बुध आणि शुक्र पोटात जातील, पृथ्वी जाईल की काठावर वाचेल याबद्दल एकमत नाही, पण समुद्र त्याच्या कितीतरी आधी उकळून गेलेले असतील म्हणून तो प्रश्न जरा कागदावरचाच. मग बाहेरचे थर सुटून जातात आणि मधे उरतो निखारा, श्वेत बटू. पृथ्वीएवढा आकार आणि वजन सूर्याच्या निम्म्याहून जास्त. त्यातला एक चमचा माल म्हणजे भरलेला ट्रक.

पण शेगडी तर विझली ना? मग आता पडण्यापासून कोण वाचवतंय? इथे मला आपली लोकल उपयोगी पडली. तीन जणांच्या सीटवर चौथी बसते, अर्धी लटकत का होईना, "जरा सरका ना" म्हटलं की होतं. ताऱ्यातले इलेक्ट्रॉन, अणूतले ते बारीक कण, हे मानतच नाहीत. एका जागी एकच, नियम म्हणजे नियम. खालच्या जागा भरल्या की पुढच्याला वरच्या, म्हणजे जास्त स्पीडच्या जागेवर जावं लागतं, आणि ताऱ्याला दाबाल तेवढे जास्त इलेक्ट्रॉन जास्त जोरात पळायला लागतात आणि तोच दाब तारा धरून ठेवतो. याला उष्णता लागत नाही, तारा बर्फासारखा गार झाला तरी हा दाब राहतो.

"म्हणजे स्टँडिंगला परवानगी नाही," काका म्हणाले, आणि मला वाटतं याच्याहून चांगलं कोणी सांगितलेलं मी ऐकलेलं नाही.

आणि हा दाब किती वजन पेलेल, याचा हिशोब मुंबईहून सुटलेल्या बोटीवर झाला. ३१ जुलै १९३० ला सुब्रह्मण्यन चंद्रशेखर, वय १९, सी. व्ही. रामन यांचा पुतण्या, मुंबई बंदरातून बोटीने निघाला केंब्रिजला शिकायला. बोटीवर काम काय, तर त्याने कागद काढले आणि बघितलं की तारा जास्त जड असेल तर आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जातात, आणि त्याच्या पुढे तर कोणालाच जाता येत नाही, म्हणजे वजन वाढत जातं पण दाब त्या प्रमाणात वाढेना. मग एका वजनानंतर श्वेत बटू टिकूच शकत नाही. ती मर्यादा आज सूर्याच्या साधारण १.४ पट धरतात. १९३५ मध्ये लंडनला खगोलशास्त्रातल्या एडिंग्टनसारख्या मोठ्या माणसाने भर सभेत ही कल्पना उडवून लावली, ताऱ्याला असं वेडपटासारखं वागू न देणारा काहीतरी नियम निसर्गात असला पाहिजे म्हणे. चंद्रशेखरला नोबेल मिळालं १९८३ मध्ये. बॅलार्ड इस्टेटला ऑफिस आहे माझं, गोदीच्या भिंतीजवळून जाताना कधीकधी आठवतं.

श्वेत बटू सापडला कसा तेही बघा. मृगाच्या मागून येतो तो व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. १८४४ मध्ये बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की व्याध सरळ न जाता डुलत जातो, म्हणजे कोणीतरी न दिसणारं त्याला ओढतंय, दोघं एकमेकांभोवती पडतायत. १८६२ मध्ये तो साथीदार दुर्बिणीत दिसला. फेरी ५० वर्षांची, वजन सूर्याएवढं, आकार पृथ्वीएवढा.

मर्यादेच्या वर काय होतं? मोठ्या ताऱ्याच्या मध्यावर एकामागून एक इंधनं पेटतात, हेलियम, कार्बन, निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन. सूर्याच्या पंचवीसेक पट ताऱ्याचा हायड्रोजन सत्तर लाख वर्षं पुरतो, कार्बन काही शे वर्षं, आणि सिलिकॉन साधारण एक दिवस. एक दिवस! शेवटी उरतं लोखंड, आणि लोखंड जोडून ऊर्जा मिळत नाही, उलट द्यावी लागते. इलेक्ट्रॉनांनाही आता पेलवत नाही. गाभा सेकंदाच्या आत कोसळतो, सगळं आदळून उसळतं आणि बाहेरचा तारा उडतो, सुपरनोव्हा. १०५४ मध्ये वृषभ राशीत असा एक फुटला, चीनमधल्या लोकांनी तो तेवीस दिवस भर उन्हात पाहिल्याची नोंद आहे. मधे उरलेला गाभा अजून तिथे आहे, सेकंदाला तीस वेळा गरगरतोय. हा न्यूट्रॉन तारा, सूर्याहून जास्त वजन आणि आरपार मोजला तर वीसेक किलोमीटर, चर्चगेट ते अंधेरी. आपल्या नारायणगावजवळ खोडदला आणि आजूबाजूला रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस डिश आहेत, त्या असल्याच गरगरणाऱ्या ताऱ्यांचे ठोके ऐकतात.

कधीकधी असे दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत असतात, आणि तिथे मात्र पडणं शेवटी आपटण्यात संपतं, कारण फिरता फिरता ते गुरुत्वीय लहरींतून, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या ग्रॅव्हिटीच्या तरंगांतून, ऊर्जा घालवतात आणि जवळ जवळ येतात. १७ ऑगस्ट २०१७ ला तेरा कोटी प्रकाशवर्षांवरची अशी टक्कर पकडली गेली आणि तिच्यात सोन्या-प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्यं तयार झाल्याच्या खुणा दिसल्या. झवेरी बाजारातल्या सोन्यातलं बरंचसं असल्याच कुठल्यातरी टकरीतून आलेलं असणार, त्यावर घडणावळ वेगळी. याच लहरी पकडायची मोठी सोय आता हिंगोलीत औंढा नागनाथला होतेय.

आणि गाभा त्याहूनही जड असला तर थोपवायला काहीच उरत नाही. कृष्णविवर. काकांना वाटत होतं ते व्हॅक्यूम क्लीनरसारखं सगळं ओढून घेतं. तसं नाही, उद्या सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं तर अंधार होईल, आपण गारठून मरू, पण पृथ्वी त्याच कक्षेत तशीच फिरत राहील. आकाशगंगेच्या मध्यावर ४० लाख सूर्यांच्या वजनाचं एक आहे, एस-२ नावाचा तारा त्याच्याभोवती सोळा वर्षांत फेरी मारतो, २०१८ मध्ये अगदी जवळून गेला, सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरच्या वर, आपल्या स्पेस स्टेशनच्या जवळजवळ हजारपट. तो पण पडतोय आणि हुकतोय.

एव्हाना टाकीत पाण्याचा आवाज बदलला होता, म्हणजे वरपर्यंत आलं होतं. काका काक्षीकडेच बघत होते. २०१९ च्या शेवटी ती एवढी मंद झाली होती की लोकांना वाटलं गेली, पण तिनेच सोडलेली धूळ आड आली होती. फुटेल तेव्हा काही महिने दिवसाही दिसेल, आपल्याला धोका नाही, फार लांब आहे, पाचशे ते सातशे प्रकाशवर्षं. आणि फुटायला अजून लाखभर वर्षंही लागतील किंवा फुटून झालीही असेल, तो प्रकाश वाटेत असेल, आपल्याला कळायला मार्ग नाही.

"म्हणजे तिकीट पंच झालंय," काका म्हणाले, "स्टॉप कुठला ते तेवढं विचारू नको. जा, मोटर बंद कर आधी."